नक्कल करणार, रुजवात घेणार

ज्या नगरातील सर्वांत विख्यात वास्तू दुसऱ्या नगरातील वास्तूची नक्कल म्हणून तिकीट लावून दाखविली जाते, त्या नगराच्या रहिवाशांना नक्कल म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी पुण्याहून शिकून आलेल्या एका तरुण अभियंत्याने फळ्यावर तीन चौकोन काढावेत आणि ते बाणांनी एकमेकांस जोडावेत, यात मला प्रथमदर्शनी थोडा अविनय वाटला. बीबी का मकबरा पाहून परतणारा प्रत्येक पाहुणा "अगदी ताजमहालासारखा, पण..." एवढे बोलून थांबतो, आणि त्या विरामात छत्रपती संभाजीनगरकरांचा साडेतीनशे वर्षांचा उपमर्द साठलेला आहे. शहजादा आझमशहाने आपल्या मातोश्री दिलरस बानू बेगम यांच्या स्मरणार्थ ही इमारत उभारली. तिचा वास्तुकार अताउल्ला हा, ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा पुत्र. म्हणजे मूळ प्रत पित्याची आणि नक्कल पुत्राची, असा हा घरचाच कारभार होता. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाल्याचे नमूद आहे. तिजोरीचा हात आखडता असल्यामुळे संगमरवर खाली कंबरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटास तेवढा लाभला, मधल्या साऱ्या भागात इथल्याच काळ्या दगडावर गुळगुळीत चुनेगच्ची करून वेळ मारून नेण्यात आली, आणि ज्या हिशेबातून सात आणेही सुटले नाहीत त्यातून संगमरवर मात्र बिनबोभाट सुटला.

अभियंत्यापुढे मी हे सर्व अभिमानाने निवेदन केले, तेव्हा त्याने क्षणभर विचार करून आमच्या मकबऱ्यास एका वाक्यात निकालात काढले.

"सर, तो बॅकअप झाला. रेप्लिका नाही."

त्याचे म्हणणे असे की, एकदा प्रत उतरून घेतली आणि त्यानंतर मूळ प्रतीकडे ढुंकून पाहिले नाही, तर तो झाला निव्वळ ठेवणीतला बॅकअप. रेप्लिकेशन म्हणजे मूळ ठिकाणी जे जे म्हणून बदलेल ते ते तत्काळ, त्याच क्रमाने, विनातक्रार दुसरीकडेही बदलणे. आग्र्याच्या संगमरवरावर धुराची पिवळट छटा चढली, तेव्हा ती इकडच्या गिलाव्यावर आपोआप उमटली असती, तर मकबरा रेप्लिका म्हणविण्यास पात्र ठरला असता. मी फारसा वाद घातला नाही. मात्र आग्र्याची एवढी एक नोंद आमच्यापर्यंत न पोचल्याबद्दल मनातून समाधान वाटले.

हा संवाद ज्या सभागृहात झाला ते आमच्या पतसंस्थेचे. या संस्थेच्या संचालक मंडळावर मी, दुसऱ्या कोणी अर्जच न भरल्यामुळे, प्रचंड बहुमताने बिनविरोध निवडून आलो आहे. संस्थेचा सर्व हिशेब औरंगपुऱ्यातील मुख्य कचेरीतल्या एकुलत्या एका सर्व्हरवर होता. गतवर्षीच्या पावसाळ्यात विजेच्या एका झटक्यासरशी त्याने मान टाकली, आणि दिवसभर सभासद बाहेर नि कर्मचारी आत अशी दोन्ही पक्षांची केवळ दृष्टभेट होत राहिली. तेव्हा ठराव झाला की औरंगपुऱ्याखेरीज एक सर्व्हर सिडको शाखेत आणि एक वाळूजला बसवावा व तिघांचा हिशेब सदैव एक राहील अशी तजवीज करावी. ठरावास सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव सर्वानुमते संमत झाला, आणि त्यानंतर तो काय आहे हे समजून घेण्यासाठी अभियंत्यास पाचारण करण्यात आले.

"म्हणजे तीन ठिकाणी तीन वह्या?" अध्यक्षांनी विचारले.

"हो सर. पण लिहायचं एकाच वहीत. बाकीच्या दोन आपोआप भरत जातात."

"मग त्या दोन वह्यांवर सही कोणाची?"

या प्रश्नाचे उत्तर जगातील कोणत्याही डेटाबेसच्या मार्गदर्शिकेत नाही, आणि अभियंत्याच्या मुद्रेवरून ते तत्काळ स्पष्ट झाले. त्याची सुटका केली ती आमच्या वृद्ध मुख्य लेखापालांनी. तहसील कचेरीच्या नक्कल विभागात आयुष्य वेचून निवृत्त झालेले हे गृहस्थ इतका वेळ चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "अहो, सोपं आहे. रोजकीर्द तिकडं पाठवायची, खतावणी ते त्यांची करून घेतील." अभियंता क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिला, कारण मायएसक्यूएल नामक डेटाबेस हेच आणि एवढेच करतो. मुख्य सर्व्हर प्रत्येक फेरबदल घडला त्या क्रमाने एका दैनंदिन नोंदवहीत, म्हणजे बायनरी लॉगमध्ये, टिपून ठेवतो. दुय्यम सर्व्हर ती नोंदवही मागवून घेतात आणि तिच्यावरून आपापले तक्ते भरतात. तयार खतावणी कोणी कोणास पाठवीत नाही. ज्या सिद्धान्तासाठी अभियंत्याने चार वर्षे शुल्क भरले होते तो लेखापालांना विनाशुल्क अवगत असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे सभेचे वातावरण एकदम खेळीमेळीचे झाले, आणि चहा मागविण्यात आला.

चहाबरोबर काही उद्बोधक माहितीही मिळाली. मायएसक्यूएलचे नाव त्याचे जनक मायकेल विडेनियस यांनी आपल्या 'मी' नामक कन्येवरून ठेवले. पुढे तो व्यवसाय दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर त्यांनी जो नवा डेटाबेस काढला त्यास धाकट्या कन्येचे, मारियाचे, नाव दिले. आणि मॅक्स नामक चिरंजीवांच्या वाट्यासही मध्यंतरी एक डेटाबेस येऊन गेला. आमच्या उपाध्यक्षांनी यावर केवळ इतकेच विचारले की, या गृहस्थांना अपत्ये एकंदर किती, आणि संस्थेने आणखी थोडे थांबणे श्रेयस्कर होईल काय.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ साधा होता. मुख्य सर्व्हरची संपूर्ण प्रत काढावयाची. ती काढली त्या क्षणी रोजकीर्द कोणत्या नोंदीपर्यंत आली होती ते टिपून ठेवावयाचे. प्रत दोन्ही ठिकाणी उतरवावयाची आणि "येथून पुढचे मागवून घ्या" असे त्या यंत्रांना बजावावयाचे. परंतु वेळ वाचविण्याच्या सद्हेतूने अभियंत्याच्या साहाय्यकाने सिडकोची सिद्ध झालेली तबकडीच जशीच्या तशी वाळूजसाठी उतरून घेतली. प्रत्येक सर्व्हरच्या उदरात त्याची स्वतःची ओळख सांगणारा एक लांबलचक क्रमांक असतो. तबकडीबरोबर तोही उतरला. परिणामी सिडको आणि वाळूज हे दोघेही एकच नाव सांगत औरंगपुऱ्याच्या दाराशी येऊ लागले. एक आत आला की मुख्य सर्व्हर त्याच नावाच्या पहिल्यास तोतया समजून बाहेर काढी, बाहेर गेलेला पुन्हा दार ठोठावी, की आत बसलेला बाहेर. हे नाट्य रात्रभर चालले, आणि पहाटे पाहता सर्व यंत्रे अत्यंत कार्यमग्न असून काम काडीचेही झालेले नव्हते.

मोगल अमदानीत या शहरात हे खपले नसते. येथल्या किल्ले अर्कात पडून असलेले शहाजहान-औरंगजेबकालीन दफ्तर 1916 साली हैदराबादेस हलविण्यात आले. दीड लाखांच्या घरातील त्या कागदांत 'अर्ज-ओ-चेहरा' नावाच्या कागदांचा भरणा फार मोठा आहे. शिपायाचे नाव, बापाचे नाव, वर्ण, कपाळ, भुवया, अंगावरील व्रण, आणि त्याखाली त्याच्या घोड्याचे तितकेच साक्षेपी वर्णन असा तो मजकूर असतो. एकच तट्टू दोन पथकांत दाखवून दुप्पट पगार उचलण्याचा उद्योग तेव्हाही चालत असे, म्हणून हा बंदोबस्त. आमच्या साहाय्यकाने वाळूजच्या यंत्राचा तो क्रमांक पुसला. यंत्राने स्वतःस नवा क्रमांक धारण केला, आणि दोघांचेही चेहरे निराळे झाल्यावर दोघेही निमूटपणे कामास लागले.

गट करून राहणाऱ्या सर्व्हरांचे नियम मोठे कडक असतात. अशा एका गटात नऊच सदस्य चालतात, आणि प्रत्येक तक्त्यातील प्रत्येक नोंदीस स्वतंत्र ओळख, म्हणजे प्रायमरी की, असावीच लागते. आमच्या जामीनदारांच्या तक्त्यास ती नव्हती. अधिक तपास करता असे आढळले की एकच परोपकारी गृहस्थ इतक्या कर्जांना जामीन राहिलेले होते की त्यांच्या ओळी परस्परांपासून वेगळ्या करणे यंत्रासच काय, वसुली अधिकाऱ्यासही साधलेले नव्हते. प्रायमरी की बसविण्याच्या निमित्ताने जी छाननी झाली तिने संस्थेचा जो लाभ झाला, तो पुढील दहा वर्षांत रेप्लिकेशनने होईलसे वाटत नाही.

नोंद झाली असे केव्हा म्हणावे, हाही एक नाजूक प्रश्न आहे. मुख्य सर्व्हरने आपल्यापाशी लिहून लगेच "झाले" म्हणावे, की निदान एका दुय्यमाकडून "पावले" असा निरोप येईपर्यंत थांबावे? आमच्या पूर्वजांनी थांबण्याचा पक्ष घेतला होता. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'सुरू सुद', 'बार' अशा दफ्तरी खुणा आणि 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तबाची मुद्रा आढळते. म्हणजे हुकूम सुटला तरी दफ्तरात त्याची नोंद झाली, मजकुराची मर्यादा मुद्रेने बांधली गेली, तेव्हाच कागद कचेरीबाहेर पडावयाचा. अभियंत्याने हीच व्यवस्था सेमी-सिंक्रोनस या नावाने सुचविली. तिच्यामुळे प्रत्येक व्यवहारास पापणी लवण्याइतका उशीर होतो असे त्याने खेदपूर्वक सांगितले, तेव्हा सहकार खात्याशी पत्रव्यवहार केलेले आमचे सर्व संचालक एकमेकांकडे पाहून सौम्यपणे हसले.

तथापि 'पावले' आणि 'वहीत चढले' यांच्यात जे अंतर आहे ते महिनाअखेरीस उघडे पडले. त्या दिवशी औरंगपुऱ्याच्या सर्व्हरने सर्व खात्यांवरील व्याजाची नोंद एकाच दमात केली. ती प्रचंड रोजकीर्द वाळूजला पोचली खरी, परंतु ती चढविण्यात तेथील यंत्र गुंतून पडले आणि पडद्यावर पिछाडीचे सेकंद तीन आकड्यांत गेले. त्याच सुमारास एका कारखान्याची पाळी सुटून आलेल्या सभासदाने खिडकीवर पाच हजार रुपये भरले आणि पासबुक पुढे केले. पैसे लिहिले गेले औरंगपुऱ्यात. पासबुक छापणारे यंत्र वाचत होते वाळूजची प्रत. कर्रकर्र आवाज करून पासबुक बाहेर आले, त्यात मागील महिन्याची शिल्लक जशीच्या तशी.

"माझे पाच हजार कुठं गेले?"

"काका, निघालेत. येतायत."

"निघालेत? अहो, मी आत्ता इथं तुमच्या हातात दिले!"

"हो, पण ते औरंगपुऱ्याला गेलेत. तिथून येतायत."

खिडकीवरच्या त्या मुलीच्या विधानात तांत्रिकदृष्ट्या एकही अक्षर चुकीचे नव्हते. सभासदाने मात्र ते अत्यंत निराळ्या अर्थाने घेतले, आणि शाखा व्यवस्थापकांनी त्यांना आत बसवून पाणी देईपर्यंत रांगेतील अर्ध्या लोकांनी ठेवी काढण्याचे अर्ज मागितले होते. तेव्हापासून पासबुकाचे वाचन मुख्य प्रतीवरूनच होते. मागे पडलेल्या प्रतींवरून वार्षिक अहवालाचे तक्ते काढले जातात, कारण ते कोणी वाचत नाही.

आता या विषयातील सर्वांत घातक प्रकरणाकडे वळतो. मुख्य सर्व्हर कोसळला तर दुय्यमास मुख्यपदी बसवावयाचे, यास फेलओव्हर म्हणतात. आणि त्याचा इतिहासातील सर्वांत भव्य प्रयोग आमच्या शहरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर झालेला आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 साली देवगिरीस दौलताबाद करून दिल्लीची राजधानी तेथे हलविली. प्रत्येक अभियंत्यास छातीत धडकी भरावी असे हे स्थलांतर होते: मुख्य सर्व्हर धडधाकट असताना, हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, अमीर-उमराव, उलेमा आणि कारकून यांच्यासह सारा विदा पायी. मार्गात गळती किती झाली याविषयी इब्न बतूताने एक ऐकीव कथा नमूद केली आहे. एका अंध गृहस्थास दिल्लीहून ओढत आणले, आणि दौलताबादेस त्याचा केवळ पाय पोचला. इतिहासकार या कथेवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. नेटवर्कवाल्यांना मात्र ती ऐकताच पटते. आमचा नान-खलिया या लष्कराबरोबर आला असे सांगतात. तसे असेल तर निदान एक पॅकेट तरी गरमागरम पोचले.

तुघलकास वेडा ठरविण्याची प्रथा आहे, ती मला मान्य नाही. दक्षिणेत दुसरे केंद्र असावे हा त्याचा विचार आजच्या कोणत्याही सल्लागाराने भरमसाट शुल्क घेऊन दिला असता. त्याची चूक परतीच्या वेळी झाली. सातआठ वर्षांत राजधानी दिल्लीस परत गेली, परंतु दौलताबादचा सर्व्हर कोणी बंद केला नाही. किल्ला, दफ्तर, अमीर सगळे चालू स्थितीत राहिले, दिल्लीशी संपर्क मात्र विरळ होत गेला. आणि 1347 साली तेथील अमिरांनी आपसांत निवडणूक करून आधी इस्माइल मुख यास सुलतान केले, पुढे त्याने हसन नामक दुसऱ्या अमिरासाठी जागा सोडली, आणि बहमनी राज्य उभे राहिले. दोन ठिकाणी दोन मुख्य सर्व्हर, दोघेही फर्माने काढीत आहेत, दोघांच्याही मते दुसरा बंडखोर: अभियंते ज्यास स्प्लिट-ब्रेन म्हणतात तो हाच विकार. तो दुरुस्त होण्यास काही शतके लागली.

आधुनिक यंत्रेही यातून सुटलेली नाहीत. 21 ऑक्टोबर 2018 रोजी जगभरातील प्रोग्रामरांचे भांडार असलेल्या गिटहबच्या, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क अवघी 43 सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरांना मुख्यपद बहाल केले. पूर्वेकडे काही नोंदी अशा राहिल्या की ज्या पश्चिमेस पोचल्याच नव्हत्या, आणि दोन्हीकडच्या वह्या जुळवीत सेवा पूर्वपदावर येण्यास 24 तास 11 मिनिटे लागली. तुघलकाच्या मानाने ही प्रगती निःसंशय मोठी आहे.

म्हणून सर्व्हर तीन. दोनच असतील आणि मधली तार तुटली, तर दुसरा मेला की आपणच एकटे पडलो, हे दोघांपैकी एकासही कळत नाही. तिसरा असला म्हणजे ज्याच्या बाजूस दोघे तो खरा, आणि एकटा पडलेला आपण होऊन लेखणी खाली ठेवतो. दिल्ली-दौलताबादच्या वाटेवर धारला एखादा निःपक्षपाती सर्व्हर बसविला असता, तर दक्षिणेचा इतिहास निराळा झाला असता. या बहुमतनिर्णयाचे शास्त्र लेस्ली लॅम्पोर्ट यांनी मांडले तेही पॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावरच्या, मनाला येईल तेव्हा उठून जाणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या काल्पनिक संसदेचे वर्णन करून. निबंध 1990 साली पाठविला, परीक्षकांस त्यातील विनोद मानवला नाही, आणि तो छापून आला 1998 साली. परस्परांत एकमत कसे व्हावे हा त्याचा विषय होता.

दुय्यमाने मुख्य व्हावे, याचे आम्हांस अप्रूप वाटू नये. मायएसक्यूएलच्या मार्गदर्शिकेत 2020 पर्यंत मुख्य सर्व्हरास मालक आणि दुय्यमास गुलाम म्हणत असत, आणि गुलामाने फक्त नक्कल करावी अशी अपेक्षा होती. हे शहर ज्याने 1610 साली खडकी या नावाने वसविले तो मलिक अंबर हबसाणातून विकला जात जात दख्खनेत पोचला होता, आणि तो निजामशाहीचा कारभार स्वतःच्या मुखत्यारीने चालवीत असताना गादीवरचे सुलतान त्याच्या हुकमाची नक्कल करीत होते.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. तीन प्रती झाल्या म्हणजे आपण चुकांपासून मुक्त झालो असे आमच्या उपाध्यक्षांना वाटले होते. रेप्लिकेशनची वृत्ती 'मक्षिकास्थाने मक्षिका' अशी असते; औरंगपुऱ्यात कोणी चुकून तक्ता रिकामा केला, तर तो सिडको नि वाळूज येथेही त्याच निष्ठेने आणि त्याहून अधिक तत्परतेने रिकामा होतो. यावर उपाय म्हणून एखादी प्रत मुद्दाम तासभर मागे ठेवण्याची सोय असते, आणि रात्रीचा निराळा बॅकअप तर हवाच. "म्हणजे शेवटी मकबराही पाहिजेच," असे मी म्हणालो, आणि अभियंत्याने ते पहिल्यांदाच मान्य केले. लेखापालांनी आणखी एक जोड दिली. प्रमाणित नकलेच्या तळाशी 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार' अशा दोन सह्या असतात, आणि त्या एकाच माणसाच्या चालत नाहीत. तेव्हा दर तिमाहीस तिन्ही ठिकाणच्या तक्त्यांचे चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, काढून ते अभियंत्याव्यतिरिक्त दुसऱ्याने ताडून पाहावेत आणि सही करावी, असा नियम झाला. अध्यक्षांच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने सापडले.

अखेरीस सभासदांस एक सूचना. खडकीचे फतेहनगर, फतेहनगरचे औरंगाबाद असे फेरफार या शहराच्या नावात पूर्वीही झाले. विद्यमान नाव 2023 च्या फेब्रुवारीत शहरास, सप्टेंबरात जिल्ह्यास मिळाले. रेल्वे स्थानकाच्या फलकावर ते 2025 च्या ऑक्टोबरात पोचले. 2024 ची लोकसभा निवडणूक मात्र औरंगाबाद मतदारसंघाच्याच नावे झाली. फेरफार सर्व वह्यांत चढेपर्यंत असे व्हावयाचेच. ज्यांच्या आधार कार्डावर एक आणि वीजबिलावर दुसरे नाव असेल त्यांनी संकोच न करता केवायसीचे कागद मार्चअखेरीपूर्वी शाखेत आणून द्यावेत. दोन्ही नावे चालतील; एकाच अर्जात दोन्ही लिहू नयेत.